समासातली पेन्सिल : शहापुरातल्या एका पत्रगठ्ठ्याचं प्रकरण

२०२४ च्या मे महिन्यात बेळगावच्या शहापुरातून एका काकींचा फोन आला. घर पाडून तिथं अपार्टमेंट व्हायचं होतं आणि पाऊस लागायच्या आत माडी रिकामी करायची होती. "तुम्ही जुनी पुस्तकं घेता म्हणे. रद्दीवाला सकाळीच येऊन गेलाय, किलोला पंधरा म्हणाला. त्यानं न्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून जावा की."

हा धंदा मी फावल्या वेळात करतो. हिंदवाडीत घरातलीच एक खोली पुस्तकांनी भरलेली, व्हॉट्सॲपवर याद्या, आणि थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांत एक टेबल. बेळगावात जुनं घर पाडायला निघालं की पुस्तकांकडे निदान कुणीतरी वळून बघतं. पत्रं मात्र सरळ बंबाखाली जातात. या घरातली गेली नव्हती, कारण बंब दहा वर्षांपूर्वीच मोडीत काढून गिझर बसवला होता. असल्या कारणांनीच कागद वाचतात.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्या दुपारी माझ्या हातून एक गोष्ट बरोबर झाली आणि एक साफ चुकली.

माडीवर काय होतं

काकींचे सासरे छापखान्याचे मालक. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची वार्षिकं ही रोजीरोटी, आणि हौस म्हणून नऊ वर्षं चालवलेलं एक छोटं मासिक. ते १९८१ मध्ये गेले. पायानं चालवायचं ट्रेडल छपाई मशीन भंगारात गेलं, छपाईचे खिळे वजनावर गेले. राहिली ती साडेतीनशेच्या आसपास पुस्तकं, मासिकांचे गठ्ठे, आणि भिंतीच्या खुंट्यांना लटकणाऱ्या तीन तारा.

या तारा आजच्या वाचकाला माहीत नसतील. जुन्या दुकानांत, पेढ्यांवर जाड लोखंडी तार असायची, खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेला कागद मधोमध टोचून तारेत सरकवायचा. सगळ्यात जुना तळाशी, कालचा वर. या छापखान्यात बिलांबरोबर पत्रांनाही तीच शिक्षा होती. कुणी कविता पाठवलेली असो की कुणी वर्गणी थकल्याबद्दल माफी मागितलेली असो, प्रत्येकाच्या पोटातून तार गेलेली. भोकाभोवती गंजाचं तांबूस कडं, आणि नेमका एखादा शब्द त्या भोकात गेलेला.

व्यापाऱ्याच्या नजरेनं हे नुकसान. भोक पडलेल्या पत्राला संग्राहक भाव पाडून मागतो. पण तार म्हणजे क्रमही. तारीख न घातलेलं कार्ड वरच्या आणि खालच्या कार्डाच्या मध्ये कधी आलं हे तारेवरून कळतं. म्हणून तारेतून एकही कागद काढायच्या आधी मी खालून वर मोजत गेलो आणि प्रत्येकाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं आकडा घातला. शाई नाही, चिकटपट्टी नाही, क्लिप नाही. त्यात दीड तास गेला. काकींनी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा विचारलं, "हे सगळं मोजून काय मिळतं ओ तुम्हाला?"

एकूण १४६ निघाली. ८८ कार्डं, ३७ पाकिटातली पत्रं, २१ आंतरदेशीय. पहिलं १९३८ चं, शेवटचं १९६३ चं. ही झाली बरोबर केलेली गोष्ट.

चुकलेली गोष्ट त्याच दुपारी झाली, पण तेव्हा ती चूक वाटली नाही. पुस्तकं मी ११,००० रुपयांना एकगठ्ठा विकत घेतली आणि टेम्पोत भरली. पत्रं विकत घेतली नाहीत, नीट पावती करून वाचायला आणली. पुस्तकं एका खोलीत, पत्रं दुसऱ्या. धंद्यात सगळे असंच करतात. पुस्तकांचा हिशेब लगेच सुटतो, पत्रांचा वर्ष वर्ष सुटत नाही.

कुणाचा गठ्ठा?

पावती करताना सही काकींनी केली. पण पत्रं त्यांच्या सासऱ्यांची. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचाही मुलाइतकाच वाटा येतो. म्हणजे सांगलीला दिलेल्या आत्यांचा, काकींच्या नणंदेचा, हक्क काकींच्या घराइतकाच. कागदाच्या गठ्ठ्यासाठी वारसा कायदा कुठं काढता, असं लोक मला हसतात. पण गठ्ठ्याला कुणीतरी हजारांत भाव सांगितला की तोच कागद मालमत्ता होतो आणि आजवर न आलेला भाचा उगवतो. मी आधीच सगळ्यांच्या सह्या मागतो. तसे या पत्रांचे धनी तीन झाले: काकी, बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असलेला त्यांचा मुलगा, आणि ८४ वर्षांच्या आत्या.

मुलाशी माझी पहिली ओळख कात्रीमुळे झाली. ३७ पाकिटांपैकी १९ पाकिटांचा उजवा कोपरा गायब. तिकिटाभोवती नीट चौकोन कापलेला, अर्धा शिक्का तिकिटासोबत गेलेला. फोनवर विचारलं तर तो ओशाळून हसला. "सातवीत अल्बम होता माझा." मराठी घरांतल्या निम्म्या पत्रव्यवहाराचा नाश वाळवीनं केला असेल, तर उरलेल्यातला बराचसा शाळकरी तिकीटसंग्राहकांनी. तिकीट चार आण्यांचं, पण त्यावरच्या शिक्क्यात गाव आणि तारीख. नशिबानं पाठीमागे पोचल्याचा बेळगावचा शिक्का बहुतेकांवर शिल्लक होता.

सहा पत्रं आणि एकशे चाळीस

उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याला या गठ्ठ्यात सहा पत्रंच दिसतात. त्या काळच्या एका फार मोठ्या लेखकाची. नाव मी मुद्दाम देत नाही, वारसांना विचारलेलं नाही. चार पत्रं १९४१ ते १९४४ मधली, दोन १९५२ ची. मजकूर? मासिकाला कथा देता येत नाही, सवड नाही. छापलेल्या लेखाचं मानधन पोचलं नाही. अंकात मुद्रणदोष फार. मोठ्या लेखकांची संपादकांना गेलेली पत्रं बहुतेक अशीच असतात. वाचून अंगावर काटा येत नाही, पण खालची सही बघून येतो, आणि बाजारात भाव सहीचाच.

म्हणून सही आधी तपासायची. अस्सलपणाची परीक्षा फार गूढ नसते, टपालखातंच अर्धं काम करून ठेवतं. आंतरदेशीय पत्र आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झालं. काही वर्षांपूर्वी मला एकानं ऑगस्ट १९४७ ची तारीख घातलेलं, एका देशभक्त साहित्यिकाच्या सहीचं आंतरदेशीय पत्र दाखवलं होतं. कागद जुना, शाई फिकी, भाषा ओघवती, फक्त तो कागदच त्या वर्षी छापला जात नव्हता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. १९६५ च्या पाकिटावर सहा आकडी नंबर दिसला की पाकीट मिटून परत द्यावं. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर ते १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. पत्त्यात 'कर्नाटक राज्य' असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचं, त्याआधी हे म्हैसूर राज्य होतं.

सहाही पत्रं या चाळणीतून सुखरूप उतरली. एक खोच मात्र निघाली. तीन पत्रांचा मजकूर वेगळ्याच हातचा, सही तेवढी लेखकाची. यात बनावट काही नाही. डोळे अधू झाले, वय झालं, की पुष्कळ लेखक मजकूर सांगत आणि लेखनिक लिहीत. पण विकताना 'हस्तलिखित पत्र' म्हणून विकायचं नाही, 'सहीचं पत्र' म्हणायचं, आणि भाव त्याप्रमाणे उतरतो. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जरा पडला.

आता उरलेली १४०. त्यांतली १४ मोडीत, बहुतेक कागदाच्या व्यापाऱ्यांची, रिमांचा भाव आणि उधारीचा तगादा. ११ कानडीत. मराठी व्यापारी कानडी कागद दिसला की बाजूला सारतात. पुण्याच्या माणसाचं समजू शकतो, बेळगावच्या माणसानं तसं करणं म्हणजे आपलंच अर्धं घर कुलूप लावून ठेवणं. ज्या मुलखात द. रा. बेंद्र्यांसारखा घरी मराठी बोलणारा माणूस कानडीचा वरकवी झाला, तिथल्या छापखान्यात दोन्ही भाषांची पत्रं एकाच तारेत असणारच. शेजारच्या गल्लीतल्या कानडी शाळेच्या निवृत्त बाईंनी ती मला वाचून दाखवली. आठ पत्रं एकाच माणसाची, धारवाडकडच्या एका कवितावेड्या कारकुनाची. त्यानं मासिकातल्या मराठी कविता कानडीत आणायचा घाट घातला होता आणि दर पत्रात दोन-तीन शब्दांचे अर्थ विचारले होते. बाई वाचता वाचता थांबून म्हणाल्या, "चांगलं केलंय की ओ ह्यानं." अनुवाद कुठं छापला गेला का, कोण जाणे.

१९४६ चं एक कार्ड होतं. सांगलीकडच्या वर्गणीदारानं विचारलेलं, संमेलनाला येतोय, दोघांची उतरायची सोय होईल काय, जेवण साधं चालेल. एवढंच. त्या वर्षीचं साहित्य संमेलन बेळगावात झालं होतं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तिथंच झाला. ठरावाचा मजकूर कुठंही मिळतो. त्या ठरावाला हात वर करणारे कुणाच्या ओसरीवर झोपले, हे अशा कार्डावरच कळतं.

आणि २९ पत्रं एका प्राथमिक शिक्षकाची. खानापूर तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. हे गुरुजी कविता करायचे. त्यातल्या सहा-सात या मासिकात आल्या, पुस्तक कधी निघालं नाही. पहिलं पत्र १९४९ चं, शेवटचं १९६१ चं. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, वेलांटी न् वेलांटी पूर्ण. मजकुरात पाऊस, शाळेचं गळणारं छप्पर, आणि दुसऱ्यांच्या कवितांवर निर्दय टीका. स्वतःच्या कवितांबद्दल अवाक्षर नाही.

ही २९ पत्रं मी टेबलावर ओळीनं मांडली तेव्हा पहिल्यांदा मजकुराऐवजी पत्रांची डोकी वाचली. उजव्या कोपऱ्यात गुरुजी आपला पूर्ण पत्ता घालत. गाव, तालुका खानापूर, जि. बेळगाव, मुंबई राज्य. १९५६ च्या ऑक्टोबरच्या पत्रापर्यंत असंच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतरचं पत्र डिसेंबरचं. त्यावर गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे, राज्याच्या जागी काही नाही. पुढची चार पत्रं तशीच. एकावर 'मुं' लिहून थांबलेलं दिसतं. १९५८ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा 'म्हैसूर राज्य' येतं, बाकीच्या पत्त्यापेक्षा बारीक अक्षरात, कडेला. पत्रांच्या मजकुरात या सगळ्याबद्दल एक ओळही नाही. शाळामास्तर, सरकारी नोकर, कार्डावर काय लिहिणार?

ही गोष्ट कुठल्याही एका पत्रात नाही. २९ पत्रं क्रमानं मांडली तरच दिसते. यातलं एखादं हरवलं तर कदाचित दिसेल, दहा गेली तर नाही.

भाव

पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं सहा पत्रांचे २४,००० सांगितले. उरलेल्या १४० चं काय, विचारलं तर म्हणाला, "पाकिटांसकट असतील तर पाचशेला नेतो, तिकिटवाल्यांना देईन." यात त्याची लबाडी नव्हती. बाजार असाच आहे. सहीला गिऱ्हाईक आहे, सलगपणाला नाही.

मुलानं दरम्यान लंडनमधल्या एका मराठी संग्राहकाशी बोलणं लावलं होतं. तो पौंडात द्यायला तयार, स्पीडपोस्टनं पाठवा म्हणाला. इथं मला थांबवावं लागलं. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावशेष होते, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखिताला आणि कागदपत्राला ७५ वर्षंच पुरतात. म्हणजे २०२४ मध्ये १९४९ च्या मध्यापर्यंतचं प्रत्येक पत्र या व्याख्येत येऊ शकतं. आमच्या गठ्ठ्यातली ५२, त्या सहांतली चार धरून. ती खासगी माणसानं देशाबाहेर पाठवणं गुन्हा, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. पाकिटात घालून तिकीट लावण्याइतकं ते सोपं वाटतं, हीच अडचण. शिवाय देशात विकायचा धंदा करायलाही परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, पुस्तकं मी घेतो-विकतो, पत्रांचा व्यवहार झाला तर घरच्यांनी थेट करायचा. मला यादी करण्याचे पैसे द्या, नाही दिलेत तरी चालेल.

मुलाचा दुसरा विचार होता की पत्रांचे फोटो फेसबुकवर टाकू, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येईल. हेही आजकाल सगळे करतात. पण पत्र ज्याला आलं तो कागदाचा मालक. शब्दांचा मालक लिहिणारा, आणि त्याच्यामागे त्याचे वारस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं छापलेलं लेखन २०११ पासून मोकळं. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचं २०३६ अखेरपर्यंत बांधलेलं. पण हे झालं हयातीत छापलेल्याचं. जे लेखकाच्या हयातीत छापलंच नाही, त्याची ६० वर्षं मोजायला सुरुवात होते ती पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून. कपाटातलं पत्र म्हणून वर्षानुवर्षं मोकळं होतच नाही. संग्रहातली पत्रं बिनधास्त छापणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक स्मरणिका या एका कलमात अडकतील. या लेखात एकाही पत्रातलं वाक्य जसंच्या तसं दिलेलं नाही, ते याचमुळे.

मुलगा वैतागला. "म्हणजे विकायचं पण नाही, दाखवायचं पण नाही. मग ठेवून काय करायचं काका?"

प्रश्न रास्त होता. २४,००० काही त्याला जड नव्हते, पण काकींना माडी पाडताना सामान ठेवायला भाड्याची खोली घ्यावी लागली होती आणि तिचं भाडं महिन्याला सहा हजार होतं. चार महिन्यांचं भाडं सहा कागदांत.

आत्यांचा नकार

सह्यांसाठी सांगलीला गेलो तेव्हा बरोबर पहिल्या तारेतली वीस पत्रं आणि त्या सहांच्या झेरॉक्स नेल्या होत्या. आत्यांनी चष्मा बदलला, झेरॉक्स बाजूला ठेवल्या आणि खऱ्या पत्रांवरची भोकं बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "बाबा दुपारी जेवून आल्यावर तारेतलं एखादं पत्र काढून वाचायचे. वाचलं की परत त्याच जागी. वरची सगळी उतरवायची, ते लावायचं, परत सगळी चढवायची. आम्हाला हात लावू देत नव्हते. आई म्हणायची, जपमाळ आहे ती."

मला हवा असलेला पुरावा मिळाला. क्रम कुणी नंतर लावलेला नव्हता, राखलेला होता. काही पत्रांना दोन-दोन भोकं का, तेही कळलं.

विकायचं काय, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, सहा काढून द्यायची नाहीत. द्यायची तर सगळी, एका ठिकाणी, फुकट दिली तरी चालतील. भाड्याचं मी बघते. आणि त्यांनी खरोखरच काकींना तीन महिन्यांचं भाडं पाठवलं. नणंद-भावजयींचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, असं काकींनी मला नंतर सांगितलं. त्याचं कारण मी विचारलं नाही.

मग कुठं द्यायची यावर दोन महिने गेले. माझं म्हणणं, बेळगावातच राहावीत. गुरुजींच्या पत्त्याची गोष्ट इथल्या पोरानं शोधायची आहे. एका ठिकाणी विचारलं, त्यांनी आनंदानं हो म्हटलं आणि जागा दाखवली, जिन्याखालचं लोखंडी कपाट. जुलै महिना होता. कपाटाच्या मागची भिंत हाताला ओली लागत होती. बेळगावच्या पावसात अशा भिंतीशी कागद ठेवला की दोन वर्षांत त्याचा पापड होतो. शेवटी कोल्हापूरच्या एका ग्रंथसंस्थेनं घेतली. चार ओळींचं दानपत्र केलं: संग्रह फोडायचा नाही, तारांच्या क्रमानंच नोंद करायची, वर्षात यादी करायची, स्कॅनचा एक संच घरच्यांना द्यायचा. स्कॅनिंग दिवाळीच्या सुट्टीत मुलानंच केलं, तीन दिवस बसून. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला की नंबर ६३ मधला धारवाडकर फारच भारी माणूस आहे.

कोल्हापूर इथून ११० किलोमीटर. फार नाही, पण मध्ये सीमा आहे, आणि बेळगावचं असलं की ते सीमेपलीकडेच नीट राहतं, हे मला अजून टोचतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

१२० रुपये

इकडे पुस्तकं विकली जात होती. 'सत्यकथे'चे सत्तेचाळीस अंक एका प्राध्यापकांनी एकदम नेले. सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडली, जुन्या अंकांना अजून मागणी आहे. अकरा पुस्तकांवर एका शाळेच्या वाचनालयाचा शिक्का होता आणि 'रद्द' असा दुसरा शिक्का नव्हता. ती शाळेला परत केली. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्यानं पुस्तकांसाठीचं स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांची ऑर्डर निम्म्यावर आली, शंभराच्या पुस्तकाला पाऊणशे कुरिअर कोण देणार? त्यामुळे जानेवारीत कडोलीच्या टेबलावर मी नेहमीपेक्षा जास्त माल मांडला, आणि भावही जरा सढळ ठेवले.

कविता वाचायचा उरक मला नाही. पत्रांतला बारीक मजकूर मी सावकाश वाचत होतो, आठवड्याला चार-पाच. फेब्रुवारीत स्कॅनवर नंबर ९७ वाचलं. गुरुजींचं, १९५३ चं. त्यात ते म्हणत होते की वाचायला नेलेला कवितासंग्रह परत पाठवतोय, तुमच्या प्रतीत पेन्सिलीनं बरंच लिहून ठेवलंय, राग मानू नये, कागदाला कागद जोडत बसण्यापेक्षा समासातच वाद घातलेला बरा. संग्रहाचं नावही दिलेलं.

मला पुस्तक आठवलं. कापडी बांधणी, पाठ उसवलेली, पहिली आवृत्ती. किंमत आधी २०० घातली होती. मग पानं चाळली, समासभर पेन्सिलीची गिचमीड दिसली, आणि मी २०० खोडून १२० केले. धंद्याचा साधा नियम, लिहिलेली प्रत स्वस्त. आयुष्यात पुस्तक न निघालेल्या कवीचं कवितेवरचं सगळं म्हणणं त्या गिचमिडीत होतं, आणि त्यासाठी मी गिऱ्हाइकाला ऐंशी रुपये सूट दिली होती.

पुस्तकं आणि पत्रं एकाच घरातून येतात तेव्हा ती एकमेकांबद्दल बोलत असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पत्रांत उल्लेख आलेली पुस्तकं बाजूला ठेवायला हवी होती, म्हणजे पत्रं आधी वाचायला हवी होती, म्हणजे वर्षभर ११,००० रुपये अडकवून बसायला हवं होतं. मी बसलो नाही.

कडोलीला ते पुस्तक कुणी घेतलं? गर्दीत चेहरा आठवेना, पण फोनपेवर त्या दिवशी १२० रुपयांच्या दोनच नोंदी होत्या. एक बाई, त्यांनी पाककृतींचं पुस्तक नेलेलं. दुसरे जवळच्याच गावचे, हायस्कूलात मराठी शिकवणारे सर. फोन केला, सगळं सांगितलं, पुस्तकाचे हजार देतो म्हटलं.

"हजार राहू देत. पुस्तक देत नाही मी," सर म्हणाले. "पण बघायला या की. रविवारी घरीच आहे."

रविवारी गेलो. शेताकडेचं घर, सोप्यावर खुर्ची, बटाटेपोहे आले. सरांनी पुस्तक कापडात गुंडाळून ठेवलं होतं. मी चोपन्न पानांचे फोटो काढले. गुरुजींचं फळ्यावरचं अक्षर लगेच ओळखू आलं, इथं बारीक केलेलं. अडतिसाव्या पानावर एका ओळीशेजारी त्यांनी लिहिलं होतं की लय मोडली. त्याखाली निळ्या शाईत दुसरा हात, छापखानेवाल्यांचा, बिलांवर पाहिलेला: मुद्दाम. पुढच्या पानांवर असंच चाललेलं, पेन्सिल आणि निळी शाई, एकदा तर पेन्सिलीनं शाईला उत्तर दिलेलं. पुस्तक दोनदा जाऊन-येऊन झालं असणार.

सर शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी आठवीच्या मुलांना यातली काही पानं दाखवली होती, वाद कसा घालायचा म्हणून. दोन अक्षरं त्यांनी केव्हाच वेगळी ओळखली होती. आता त्यांना नावं मिळाली, ती त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवली. मग पहिलं कोरं पान उघडून उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि हे तिसरं? २०० खोडून १२० केलंय ते?"

"ते माझं," म्हटलं.